पुठ्ठ्याने झाकलेल्या ओळी
भाषा येत नसेल तर चित्रपट कळतो का? कपाट आवरताना एक जुना पुठ्ठा हाती आला आणि या प्रश्नाची उचगावच्या आमच्या शाळेत घेतलेली परीक्षा आठवली. एका शनिवारी शाळा सुटल्यावर मी दहावीच्या वर्गाला गरीब उपनगरातल्या मुलांचा एक स्पॅनिश चित्रपट दाखवत होते. मुख्याध्यापक दारात येऊन म्हणाले, "बाई, ह्यांना खालचं इंग्रजी वाचता येत नाही, स्पॅनिश काय डोंबल कळणार? बंद करा ते." मी बंद केला नाही, खालच्या इंग्रजी ओळींवर पुठ्ठा धरला आणि म्हणाले, "आता विचारा, सर." पडद्यावर तीन मुले चकचकीत दुकानात शिरली होती आणि दुकानदार त्यांना काहीतरी सुनावत होता. मागच्या बाकावरची मुलगी उठली. "सर, त्यो म्हणतोय, घ्यायचं नसंल तर हात लावू नगा. राजारामपुरीतल्या मोठ्या दुकानात आमास्नीबी असंच म्हणत्यात की!" वर्ग हसला, ती हसली नाही. "आन् ती पोरं आता हालायची न्हाईत, बघा." मुले खरोखरच हलली नाहीत. मी दृश्य मागे नेऊन पुठ्ठा काढला, तर दुकानदाराची ओळ तीच होती. सर तिच्या शेजारी बसले आणि शेवटपर्यंत उठले नाहीत. पुठ्ठा आज मी टाकला नाही. तरी केवळ माझ्या शब्दावर जाऊ नका. परक्या भाषेतल्या एखाद्या चित्रपटाच्या खालच्या ओळी झाकून स्वतः पडताळून पाहा.