दसऱ्याला धुतलेलं डोंगल

भुताखेताची गोष्ट ऐकली की मला आधी घरातलं वायरिंग तपासावंसं वाटतं. दिग्रसला कॉम्प्युटर दुरुस्त करतो, वीस वर्षं झाली... त्यामुळे हे लिहिताना थोडी लाजच वाटतेय.

जवळच्या तांड्यावरच्या सेवंताबाई दुकानात आल्या. त्यांचे यजमान भरतकामाच्या मशीनसाठी कॉम्प्युटरवर नक्षी काढायचे. दोन वर्षांपूर्वी गेले. प्रोग्रॅम जुना, कंपनी केव्हाच बंद. पेनड्राइव्हसारखं एक डोंगल लावल्याशिवाय तो उघडतच नाही, आणि नेमकं तेच बिघडलेलं.

"दसऱ्याले मीच धुतलं, भाऊ. मशीन पुसली, कैच्या धुतल्या, पूजा केली. मंग हेच काहून सोडू?"

लोक देव पाण्यात ठेवतात, बाईंनी डोंगल ठेवलं! मला हसू आवरेना.

"हसू नका. पोरीच्या लग्नाले आठ दिवस राह्यले. तिच्या कांचळीची नक्षी तिच्या बापानं करून ठेवली, थे याच्यातच अडकली."

कांचळी म्हणजे बंजारा चोळी. माझं हसणं तिथंच थांबलं.

उपाय असतो — डोंगलमधली माहिती एकदा वाचून घ्यायची आणि तिच्यावरून सॉफ्टवेअरचं खोटं डोंगल बनवायचं. प्रोग्रॅमला वाटतं, खरंच लावलंय. पण वाचण्यापुरतं तरी खरं डोंगल जिवंत हवं ना! माझ्या तीन कॉम्प्युटरना लावून पाहिलं. ढिम्म.

"एक डाव त्यायच्या कॉम्प्युटरले लावून पाहा," बाई म्हणाल्या.

मन मोडवेना, म्हणून तांड्यावर गेलो. भर दुपारी, लख्ख उजेडात डोंगल लावलं... आणि त्याच्यावरचा लाइट लागला! चार मिनिटांत सगळं वाचून झालं. मग तो विझला, तो परत लागलाच नाही.

खोटं डोंगल बनवलं, प्रोग्रॅम उघडला, नक्षी समोर आली. बाई स्क्रीनवर हात ठेवून रडल्या आणि चहा टाकायला गेल्या. तेवढ्यात मी सहज डोंगल खोललं. कॉम्प्युटरशी जोडणारे आतले चारही धातूचे पाय गंजून तुटलेले, एकही बोर्डाला टेकत नव्हता. खोलताना माझ्याच हातून तुटले असतील म्हणाल — तर तुटल्या टोकांवरही जुना हिरवा गंज होता.

बाईंना दाखवलं. "त्यायचं काम बाकी होतं," एवढंच बोलल्या.

लग्नाला गेलो. नवरीनं मुद्दाम बोलावून कांचळी दाखवली, "बाबाची हाये" म्हणाली. फार बरं वाटलं, पोटभर जेवलो.

खोटं डोंगल आजही चालतंय. ते कसं चालतं, हे मी तुम्हाला तासभर समजावून सांगेन. खरं त्या दुपारी कसं चाललं... ते मला कुणीतरी सांगा.