दारातून दिसणारा बांध

बाई गेली तेव्हा मी सातवीच्या फळ्यावर घागर काढत होतो. फुलचूरहून माणूस सायकलने आला, वर्गाच्या दाराशी उभा राहिला आणि म्हणाला, "मास्तर, घरी चला." पुढचं त्याला सांगावं लागलं नाही. थोरल्या बहिणीला मी बाई म्हणायचो. तिचं नाव पारबता, पण ते कधी माझ्या तोंडी आलं नाही. ताप अंगात होता, आदल्या दिवशीच मी तिला पाहून आलो होतो. "तू जाय शाळेत, माले काई होत नाही," असं तिने मला वर सुनावलंही होतं... धान कापणीला आलं होतं तेव्हा. आता मळणी होऊन ते घरात पडलं आहे, आणि तिच्या हातचं सारवण अंगणातून पुसत चाललं आहे.

आमचं गाव नवेगाव बांध. बांध म्हणजे गावचा मोठा तलाव. आमचे वडील वारले तेव्हा मी अंगावर पीत होतो. आई लोकांच्या बांधीत, धानाच्या शेतात, रोवणीला जायची आणि मला कडेवर घेऊन गावभर हिंडायची ती बाई. लग्न होऊन ती फुलचूरला आली आणि एवढ्या मोठ्या तलावाच्या काठची पोर विहिरीच्या घागरीवर दिवस काढू लागली. पाणी सुटलं, पण पाण्याचं वेड सुटलं नाही. गोंदियाच्या बाजारात शिंगाडे दिसले की एक सोलून तोंडात टाकायची आणि तोंड वाकडं करून सांगायची, "आमच्या बांधाचा नाही हा." शिंगाडेवाला वैतागायचा. "बाई, लेना है तो लो, रोज चखके मत जाओ." ती पुढच्या आठवड्यात पुन्हा त्याच्यापुढे उभी.

संध्याकाळी चुलीपाशी ती बांधाच्या गोष्टी सांगायची आणि आमचे भाऊजी ऐकत बसायचे. त्यांनी तो तलाव एकदाच पाहिला होता, वरातीच्या गडबडीत, अंधार पडता पडता. तरी ते मुद्दाम तेच तेच विचारायचे, म्हणजे ती पुन्हा सांगेल. डोंग्यात बसवून तुला पल्याड नेतो, असं त्यांनी तिला कबूल केलं होतं. पण कधी रोवणी आली, कधी बैल आजारी पडला. आपला भाग मुंबई राज्यात गेला त्या वर्षी ती तान्ह्या लेकीला, शेवंताला घेऊन दोन दिवस माहेरी जाऊन आली, तेवढंच.

मळणी आटोपली आणि भाऊजी माझ्याकडे आले. म्हणाले, "मास्तर, माले माप सांगा. तिचा बांध करतो म्हनतो, सांदवाडीत." सांदवाडी म्हणजे घरामागची मोकळी जागा. मी ड्रॉइंग मास्तर. मला कोणी माप विचारलं की बरं वाटतं. शंभर पावलांना एक वीत, असं मी ठरवून दिलं. त्यांनी खड्डा खणला, काळ्या मातीची पाळ दाबून बसवली, वारुळाच्या मातीचे डोंगर उभे केले, त्यांवर गवत रोवलं. बांबूच्या कामट्यांची घरं, त्यांवर फुटक्या मडक्याच्या खापऱ्यांची कवेलू. महिनाभर हा माणूस उकिडवा बसून होता. बोलवणं आलं तेव्हा मी गेलो आणि भोवती फिरून पाहिलं. पाळीचा बाक, देवळाजवळची चिंच, सगळं बाईच्या बोलण्यातून उतरलेलं. आमचं घर मात्र पाण्याला लागून, आणि नारळाएवढं. त्या मापाने आमच्या ओसरीवर हत्ती बांधता आला असता.

"बरोबर हाये ना?" त्यांनी विचारलं.

"बाकी सगळं ठीक. पण घर चुकलं, भाऊजी. आपलं घर आतल्या गल्लीत. समोर घरांची ओळ. दारातून पाणी दिसत नाही."

"दिसते."

"मी त्या घरात वाढलो."

"मंग पारबता कोठी वाढली?" ते हातावरची माती चोळत राहिले. "दारात उभं राहिलं का पानी दिसे, असं तिनंच सांगतलं. हजार डाव सांगतलं. माह्याशी खोटं काऊन बोलन ते?"

त्यांच्यापाशी तिचा एक फोटोसुद्धा नाही. होतं ते तिचं बोलणं, आणि त्यातलंच एक वाक्य मी खोटं पाडत होतो. त्या दिवसापासून त्यांनी कामाला हात लावला नाही.

संक्रांतीच्या सुट्टीत आम्ही तिघं, भाऊजी, शेवंता आणि मी, चांद्याच्या छोट्या गाडीने नवेगावला गेलो. आई ओसरीत तांदूळ निवडत होती. मी विचारलं, "माय, आपल्या दारातून कधी पाणी दिसायचं का?"

"तिले दिसे," आई सुपातून मान वर न काढता म्हणाली. "तुहा बाप तिले खांद्यावर घेऊन दारात उभा राहे, रोज सांजच्या वक्ती. पानी दिसते का वं, म्हने. तू तवा पोटात होता."

मला वडील आठवत नाहीत. त्यांचा खांदा होता, त्यावर माझी बाई बसायची, हे मला त्या दिवशी कळलं... तिने ते सांगितलं नव्हतं. मला वाईट वाटेल म्हणून असेल, किंवा खांदा ती विसरली असेल आणि पाणी तेवढं राहिलं असेल. मला तिचा हेवा वाटला, आणि ती हवी होती असंही फार वाटलं.

भाऊजी उठले. शेवंताला खांद्यावर घेऊन, चौकटीखाली वाकून दाराबाहेर उभे राहिले. "दिसते का वं?"

"दिसते, बाबा. लय पानी हाये. डोंगा चालला."

मी शेजारी जाऊन उभा राहिलो. आम्हा दोघांना समोरची कवेलू तेवढी दिसत होती. वडिलांनाही तेवढीच दिसत असणार. शेवंता सांगत होती आणि भाऊजी तिला खाली उतरवत नव्हते.

फुलचूरला परतल्यावर त्यांनी घर हलवलं. आतल्या गल्लीत, मापाप्रमाणे, वालाच्या दाण्याएवढं. दारात केरसुणीची एक काडी रोवली आणि तिच्या टोकावर डिंकाने तांदळाचा दाणा चिकटवला. काडी मापापेक्षा फार उंच झाली आहे. असू दे. माती पाणी पिते, म्हणून ते रोज सकाळी घागर ओततात. मी गेलो की चष्मा काढतो, ओल्या मातीला गाल लागेपर्यंत वाकतो आणि त्या दाण्याच्या उंचीवरून समोर बघतो. दिसतं पाणी.