झुलालच्या जीपमागची ट्रॉली

चोपड्याच्या झुलाल पाटलाची सगळी नोकरी लष्करात गाड्या चालवण्यात गेली. निवृत्त होऊन गावी आल्यावर त्याने लिलावातून सुटलेली जुनी लष्करी जीप घेतली. बायको दिपमाला भरीत पार्ट्यांच्या ऑर्डरी घ्यायची. हिवाळ्यात आज या मळ्यात, उद्या त्या मळ्यात. पराती, शेगड्या, वांगी, पाण्याची टाकी, सगळं एका ट्रॉलीत घालून जीपमागे न्यायचा दोघांचा बेत होता.

जीपमधल्या पट्टीवर ओढायच्या वजनाचा आकडा होता, साडेसातशे किलो. झुलाल त्याच भरवशावर ट्रॉलीच्या नोंदणीची चौकशी करायला जळगावला आरटीओत गेला. तिथल्या अधिकारी बाईंनी पट्टीचा फोटो नीट पाहिला.

"भाऊ, हा लष्कराच्या कामाचा आकडा. रस्त्यावर गाडीच्या कंपनीने दिलेला, मंजूर झालेला आकडा धरतात. त्यात ट्रॉलीचं स्वतःचं वजनही आलं. कंपनीला लिहून विचारा."

झुलाल घरी आला तो तोंड पाडूनच.

"हाई गाडीनी तोफ वढेल शे," तो म्हणाला.

"तवय तोफ व्हती, आते मन्या पराती शेतस," दिपमाला हसली. "लिखा चिठ्ठी."

कंपनीचं उत्तर आलं, पाचशे किलो. झुलालला ते जरा लागलं, पण त्याने ट्रॉली लहान आणि हलक्या पत्र्याची बांधून घेतली. मग सामान भरून कापसाच्या जिनिंगजवळच्या वजनकाट्यावर नेली. काट्यावरच्या उखर्डूने आत बसूनच ओरडून सांगितलं, "पाचशे सत्तर!"

झुलाल शेगड्या उतरवू लागला. दिपमालाने त्याचा हात धरला.

"शेगड्या राहू द्या. पानी कशाला न्यायचं? मळ्यात हीर शे ना!"

टाकीची तोटी सोडली. पाणी वाहून गेल्यावर काटा चारशे सत्तरवर थांबला. झुलालने उखर्डूला आकडा पुन्हा विचारला, आणि मग स्वतः आत जाऊन पाहून आला.

पुढे तपासणी झाली, ट्रॉलीला नंबर मिळाला. पहिली ऑर्डर नशिराबादची. वाटेत म्हशी आडव्या आल्या तेव्हा झुलालने ब्रेक दाबला. ट्रॉलीने मागून धक्का दिला नाही, जीप जागच्या जागी उभी राहिली. त्याने दिपमालाकडे पाहिलं. ती म्हशींना वाट देत होती, हाताने, आत बसल्या बसल्या.

मळ्यात कपाशीच्या काड्यांच्या जाळावर वांगी भाजली गेली, शेगड्यांवर फोडणी पडली. पंगत उठल्यावर झुलाल जीपच्या सावलीत जेवायला बसला आणि त्याने भरीत दोनदा मागून घेतलं.