आठ सीटांचा बंब

नाव: कारखान्यात सर्वत्र 'अक्का'. हुद्दा: प्रमुख, आसन व अंतर्सजावट विभाग, बस बांधणी कारखाना (कौटुंबिक भागीदारी). ओळखीची खूण: तोंडात टाचण्या. विभागातील कर्मचारीवर्ग: वरीलप्रमाणे. विभाग जिन्याखाली होता.

कारखाना वडिलांनी काढला. त्यांच्यामागे थोरला भाऊ सांगाडे उभारी, धाकटा रंग आणि गिऱ्हाईक सांभाळी, आणि दोघांची ही मोठी बहीण माणसांना बसवी. सीट किती उंच, पाठ किती कलती, हे ती स्वतः बसून ठरवी.

मग बसची मागणी आटली. त्याच सुमारास अग्निशमन दलाला सहा बंब हवे होते. पहिला पसंत पडला तर उरलेले पाच, नाही तर कारखान्याला कुलूप. भावांनी आयुष्यात बंब बांधला नव्हता. जे येत होतं तेच त्यांनी केलं: बस बांधली आणि मागच्या अर्ध्या भागात पाण्याची टाकी बसवली. पुढच्या भागात अक्काने आठ सीटा लावल्या.

पाहणीला आलेले दलाचे साहेब दारातच थबकले.

"हे काय? आमची माणसं बाहेर फळीवर उभी राहतात. दांडी धरून."

"का?" अक्काने विचारलं.

"का म्हणजे? आजवर तसंच चालत आलंय."

"पडत नाहीत?"

"पडतो एखादा."

थोरल्याने कपाळाला हात लावला. "अक्का, तू जरा गप्प बस ना! साहेब, सीटा उद्याच काढतो."

"काढ की. बाबांच्या बसमधून आजवर कोणी पडलं नाही. तू सुरुवात कर."

"अगं, ते प्रवासी नाहीत!" धाकटा कळवळला.

"नाहीत कसे? कुठेतरी पोचायचं असतं ना त्यांना? प्रवाशाला आणखी काय शिंगं असतात?"

वाद मिटेना, तेव्हा साहेबांनीच तोड काढली. दलाचा जुना बंब आणि हा नवा, दोघांनी आवाराला फेरी मारायची. शिट्टी झाली की आठ-आठ जणांनी उतरून पाइप उलगडायचा.

जुन्या बंबाचे लोक टणाटण उड्या मारून मोकळे झाले. नव्याचे मात्र चिंचोळ्या दारातून एकामागून एक, 'आधी तुम्ही' करत उतरले. थोरला भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

"हरलात, अक्का," साहेब म्हणाले.

"हरले. दार रुंद हवं, ते करून देऊ. आता तुमच्या जुन्या बंबावरची माणसं मोजा."

सात भरली. आठवा वळणावरच्या वाळूच्या ढिगातून उठून, कपडे झटकत, लंगडत येत होता.

"हाच का तो एखादा?"

साहेब हसले नाहीत. त्यांनी त्या माणसाला हात देऊन नव्या बंबात बसवलं आणि स्वतःही शेजारच्या सीटवर टेकले. लवकर उठले नाहीत.

मंजुरीत लिहून आलं: 'सदर आसनव्यवस्था प्रचलित पद्धतीशी विसंगत असली, तरी केवळ प्रायोगिक तत्त्वावर तीस तूर्तास हरकत नाही.'

उभं राहायची फळी असलेला बंब दलाने त्यानंतर घेतला नाही.