पर्मनंट झाल्यावर

आमच्या घरात इंग्रजी शब्द मोजकेच होते आणि जे होते ते कामाचे होते: स्टोव्ह, पावडर, पेन्शन. पण देव्हाऱ्यात ठेवावा असा शब्द एकच, पर्मनंट. आई त्याला 'परमनट' म्हणायची आणि म्हणताना आवाज जरा खाली आणायची. त्याला कारण होतं. वडील सरकारी कचेरीत शिपाई होते आणि आम्ही दोघं भावंडं लहान असतानाच ते गेले. घर चाललं ते त्यांच्या पेन्शनवर. "तुमना बाप परमनट व्हता म्हनीसन चूल पेटस," असं आई आम्हाला ऐकवायची. ती धुळ्याकडची. जळगावात पिंप्राळ्याला तिची हयात गेली, पण बोली तिने सोडली नाही.

ऐंशीच्या दशकात हा शब्द आमच्या भागात घरोघरी शिरला होता. मुलगा काय शिकला, दारू पितो का, रागीट आहे का, हे सगळं नंतर. आधी विचारायचं, पर्मनंट आहे का? शेजारची सून भांडून माहेरी गेली तर बायका विचारायच्या, परमनट गेली का? डॉक्टरांनी आमच्या गल्लीतल्या एका आबांना सांगितलं, की गुडघ्याचं दुखणं आता पर्मनंट आहे, तर आबा चक्क खुश होऊन घरी आले. हे भाऊ मला हसून हसून सांगायचा. त्या काळात तो हसायचा.

भाऊ म्हणजे माझा मोठा भाऊ, मी धाकटी. बी.एस्सी., बी.एड. झाला आणि गावाबाहेर नव्याने निघालेल्या एका शाळेत गणित शिकवायला लागला. शाळेला अनुदान नव्हतं. आज ना उद्या ते येईल आणि मग सगळे पर्मनंट होतील, या आशेवर दहाबारा मास्तर तिथे राबत होते. एप्रिलच्या शेवटी संस्था त्या सगळ्यांना 'ब्रेक' द्यायची, म्हणजे कामावरून काढायची, आणि जूनमध्ये नव्याने घ्यायची. सलग नोकरी झाली तर माणूस हक्क सांगेल ना! मुलांना जी उन्हाळ्याची सुट्टी, ती आमच्या भावाची बेकारी.

अशातच फैजपूरची सोयरीक आली. मुलगी दहावी झालेली, शिवणकाम करणारी, दिसायला नीटस. वडिलांचा थोडा केळीचा बाग. त्यांना भाऊ आवडला. मुलीलाही आवडला असावा, कारण चहाचा कप देताना तिने मान वर करून त्याला चांगलं बघून घेतलं. मग तिच्या वडिलांनी विचारायचं ते विचारलं. भाऊ खोटं बोलला नाही. "अजून नाही, पण होईन," म्हणाला.

"मंग काही घाई नही," ते म्हणाले. "सुपारी फोडून ठेवू. शायेत परमनट झाले का तारीख काढू."

आमच्याकडे सुपारी फुटली की मुलगी दिलेली. मग तिला दुसरं स्थळ कोणी बघत नाही आणि मुलाकडचे तिचे सणवार करतात. होळीला साखरेचे हार-कडे, दिवाळीला फराळ, आखाजीला म्हणजे अक्षय्य तृतीयेला साडी. हे घेऊन मुलाने जायचं नसतं. लग्नाआधी तो सासरच्या दारात दिसला तर लोक नावं ठेवतात. म्हणून आई आणि मी जायचो. यष्टीत पिशवी मांडीवर घेऊन बसायचं, आणि आखाजी नेमकी भावाच्या ब्रेकमध्ये यायची. आम्ही साडी घेऊन निघायचो त्या दिवशी नवरदेवाला नोकरीच नसायची.

ओसरीवर टेकलो की तिचे वडील विचारायचे, "काय म्हन्ते शाया?"

"औंदा व्हई जाई," आई म्हणायची. दर वर्षी हेच. सुरुवातीला ती हे मोठ्याने म्हणायची, पुढे पुढे पदराशी चाळा करत. त्यांनीही कधी तोंड वाईट केलं नाही. आमरस-पुरणपोळी वाढायचे, आग्रह करायचे. इतकी चांगली माणसं दोन्हीकडे होती की भांडण व्हायला कुठे जागाच उरली नाही. मला आज वाटतं, एकदा कडाक्याचं भांडण व्हायला हवं होतं.

मुलगी मला परसात झोक्यावर घेऊन जायची. तिच्या मैत्रिणी आखाजीला माहेरी आलेल्या असायच्या, काखेत पोरं घेऊन. ही सगळ्यांना झोके द्यायची. मला विचारायची, सायकलनेच जातात का अजून? डबा कोण करून देतं? चष्मा लागला म्हणे? मी घरी येऊन हे सगळं भावाला सांगायची. तो वह्या तपासता तपासता ऐकायचा. "आणि काय म्हणाली?" असं विचारायचा. आणखी काही नसायचं.

मधल्या मधे माझं लग्न उरकलं. नवरा धुळ्याचा, नोकरीत पर्मनंट. आईला कोण आनंद! त्याचा संतापही तितकाच पर्मनंट आहे, हे मला पहिल्या महिन्यात कळलं, पण ते कोणी विचारलंच नव्हतं. आखाजीला माहेरी आले की मी आईबरोबर फैजपूरला जातच राहिले. तिथे त्या मुलीच्या केसांत एकदा मला पांढरं दिसलं आणि मी पटकन दुसरीकडे बघितलं. भावाचं बोलणं तोवर फार कमी झालं होतं. एकदा मी म्हटलं, "अरे, तसंच करून टाका लग्न. दोघं शिकवण्या घ्या, शिवण करा." तो म्हणाला, "त्यांची अट आहे. आणि माझ्या तोंडाने मी काय सांगू, की दर उन्हाळ्यात मला हाकलतात?"

नव्वद सालाच्या पुढे कधीतरी अनुदान आलं. ऑर्डर हातात पडली त्या दिवशी आईने देवापुढे साखर ठेवली आणि मला धुळ्याहून बोलावून घेतलं. आम्ही पेढे घेऊन फैजपूरला गेलो. तिचे वडील आता थकले होते. त्यांनी पेढा कपाळाला लावला, रडले, आणि म्हणाले, "काढा आता तारीख."

ती माजघराच्या दारात उभी होती. मला हाताला धरून आत घेऊन गेली. शिवणयंत्राशेजारी लोकांचे ब्लाउज रचून ठेवले होते. यंत्रावर बसत ती म्हणाली, "बाबांना मी सांगीन. तुम्ही तुमच्या भावांना सांगा. मले आता लग्न करायचं नही."

मला वाटलं रागावली आहे. मी म्हटलं, "अगं, आता तर सगळं झालं. पर्मनंट झाला तो."

"राग नही माह्या मनात," ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता. "पहिली चार-पाच वर्सं मी दर आखाजीले वाट पाह्यली. वाटे, औंदा ते सोता येतीन. येऊन म्हन्तीन, अजून काही पक्कं नही, पन चाल. मी त्याच पावली निंघाली असती. बाबांनाबी मनवलं असतं, ते माह्या शब्दाबाहेर नही. पन ते येकदाबी आले नही. साडी आली." यंत्रावरचा ब्लाउज सरळ करत म्हणाली, "मंग वाट पाहनं गेलं. ते गेलं ते पुन्हा येत नही. आता ते आले अन् मी गेली, तरी मी तिथं नुसती राहीन."

मी तिला काय समजावणार? घरात नुसतं राहणं म्हणजे काय, हे माझ्याइतकं कोणाला माहीत होतं? मी तिच्या गळ्यात पडून रडले. तिनेच माझी पाठ थोपटली.

परतीच्या यष्टीत आई एवढंच म्हणत राहिली, "आते काय व्हयनं? आते तर परमनट शे ना तो." मला तिचा इतका राग आला, आणि इतकी कीव आली, की मी खिडकीकडे तोंड फिरवलं.

भाऊ दारातच उभा होता. नवा शर्ट घातलेला. त्याने माझ्याकडे बघितलं आणि ओळखलं. आई आत गेल्यावर मी त्याला तिचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं, एक शब्द गाळला नाही. तो त्याचा हक्क होता.

तो हळूच म्हणाला, "नुसतं 'चल' म्हटलं असतं तरी आली असती?"

"हो," मी म्हटलं.

"मला कोणी सांगितलं का नाही," तो म्हणाला. ते त्याने मला विचारलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी उरलेले पेढे घेऊन तो शाळेत गेला. मास्तर लोकांनी पाठीवर थापा मारल्या आणि विचारलं, आता बार कधी उडवताय? तो बघू म्हणाला. पुढे आईने आणखी स्थळं आणली. तो पर्मनंट असल्यामुळे खूप आली. त्याने एकही मुलगी बघितली नाही.