पहिली कात्री
मद्रासमधल्या ट्रिप्लिकेनच्या त्या गल्लीत गोदाच्या शिवणाला तोड नव्हती. लग्नघरच्या चोळ्या तिच्याकडे यायच्या, पण नव्या कापडाला पहिली कात्री मात्र तिची नसे. गोदा विधवा. खडूने खुणा तिने करायच्या, मग भावजय तुळसीने कुंकवाच्या बोटांनी एक काप द्यायचा, आणि पुढचं सगळं परत गोदाचं. तंजावरहून मद्रासला येताना भांडीकुंडी आणली तशी ही रीतही त्यांनी सोबत आणली होती. त्या एका कापावर तुळसी गल्लीत शिवणारीण म्हणून मिरवत असे, आणि गोदा तिच्याच चुलीपाशी राबत असे.

एकोणीसशे सत्तावन्नच्या सुमारास जवळच एक शिवणकेंद्र निघालं. काम येत असलेल्या बायकांना पुन्हा शिकायला बसवायचं नाही, हातचं काम बघून दाखला द्यायचा आणि तिथेच नोकरीला घ्यायचं, असं ठरलं होतं. गोदाला आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची खोली दिसू लागली. भाऊ सेतुमाधव हसला, पण अडवलं नाही.

परीक्षेला न कापलेलं कापड घरून न्यायचं होतं. घरात एकच होतं, भवानीच्या डोहाळजेवणाच्या चोळीचं, हिरवं. भवानी तुळसीची लेक, पण अंगाखांद्यावर वाढवली ती गोदाने. तुळसीने कापड दिलं आणि तिथल्या एखाद्या सवाष्णीकडून पहिला काप घे, असं बजावलं.

गोदाने खुणा केल्या त्या बघायला परीक्षक अलमेलू मुद्दाम थांबल्या. मग गोदाने कात्री शेजारी परीक्षेला बसलेल्या एका अनोळखी सवाष्णीपुढे धरली. अलमेलूंनी ती मधेच अडवली. जिची परीक्षा तिनेच कापायचं, तुम्हाला येतं हे दिसतंय, पण तुमचा हात मला बघायलाच हवा, असं त्या तमिळमध्ये समजावून म्हणाल्या. अलमेलू वाईट नव्हत्या. बराच वेळ थांबल्यासुद्धा.

जुन्या धोतरांवर सरसर चालणारा तो हात हिरव्या कापडावर उतरेना. गोदाचा शकुनावर विश्वास किती होता, देव जाणे. पण पोटुशी पोर तिची होती आणि तिच्या जिवाशी तिला खेळायचं नव्हतं. तिने कापडाची घडी केली आणि खोलीची आशा तिथेच सोडून ती बाहेर आली.

ओसरीवर ती रडत बसली असताना ती शेजारची बाई परीक्षा देऊन आली. तिने न विचारता कापडाला एक काप दिला आणि बसला उशीर होतो म्हणून निघून गेली. उरलेलं गोदाने तिथेच बसून कापलं. घरी येऊन दाखला मिळाला नाही एवढंच तिने सांगितलं. का, ते सांगितलं असतं तर भावाने जन्मभर टोमणे मारले असते. चोळी इतकी सुरेख बसली की बायका भवानीला वळवून वळवून बघत होत्या.

आठव्या महिन्यात भवानीचं मूल पोटातच गेलं.

रडारड ओसरल्यावर तुळसीने विचारलं, "अक्का, त्या चोळीला पहिली कात्री कोण लावलं?"

"मी लावली नाहीं गे. तिथं एक सवाष्ण होती, ती लावली."

"नांव काय तिचं?"

गोदाने नाव विचारलंच नव्हतं. परीक्षेला गेलेली बाई कात्री न लावता कशी परत येईल, असं सेतुमाधव म्हणाला, आणि ते सगळ्यांना पटलं. गोदाने सांगायचं तितकं सांगितलं, अलमेलूंना विचारून या म्हणाली. पोराच्या सुतकात कोण कुठे विचारायला जाणार? जो काप न दिल्याने तिची खोली गेली तोच काप तिच्या माथी बसला, याचा संताप येतो, पण त्या घरात तो कुणाला आला नाही.

गोदा भवानीपाशी जाऊन बसली. ही तरी मानेल, असं तिला वाटत होतं. भवानीने उशाखालून ती हिरवी चोळी काढली, घडी करून गोदाच्या मांडीवर ठेवली.

"आत्या, ही तूच ठेव," ती म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून निजली.