डब्यावरच्या याद्या

कामरगावात साप निघाला की लोक काठी घेऊन धावत येतात. आमचे धाकटे भाऊजी आले की तेच लोक हात पाठीमागे लपवून घरात शिरतात. भाऊजी पुण्याला मेंदूचे डॉक्टर आहेत. पेशंट कमी तपासतात, संशोधन जास्त करतात. वर्षातून दोनदा गावी येतात आणि जीपमधून उतरल्या उतरल्या समोरच्याची चाल, बोटं, पापण्या न्याहाळू लागतात. रामराम घालायला आलेल्याला आधी अंगणात चालून दाखवावं लागतं, मग अंगठ्यावर बोट आपटून दाखवावं लागतं. एकदा जीपवाल्याला डोळे मिटायला लावून त्यांनी त्याच्या नाकाशी ओव्याची पुडी धरली. त्याला सर्दी होती, वास कुठला येणार! "वास जाणं हे कधी कधी कंपवाताचं सुरुवातीचं लक्षण असते," भाऊजी विचारात पडून म्हणाले. बिचारा आठ दिवस बायकोच्या मसाल्याच्या डब्यात नाक घालत होता. आता तो भाऊजींना सगळ्यात मागच्या बाकावर बसवतो.

त्यांचं काम मला समजलं ते असं. मज्जापेशीच्या टोकाला रसायनाच्या अगदी बारक्या पिशव्या असतात. हुकूम आला की त्या काठाशी येऊन फुटतात, रसायन पलीकडच्या पेशीला पोचतं आणि आपला हात हलतो. कंपवातात असं एक रसायन बनवणाऱ्या पेशीच मरत जातात. त्या पिशव्या फुटतात कशा आणि कशाने अडतात, यात भाऊजींची उमर गेली. सासूबाईंनी तुरीची डाळ निवडता निवडता हे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "इतके वर्सं पिशव्याच पाहून राह्यला काय रे? अन् इलाज कवा काढशीन?"

"त्याच्यासाठीच पाहून राह्यलो, माय," भाऊजी म्हणाले आणि सुपातले खडे वेचू लागले.

प्रयोगशाळेत उंदरांवर काम, म्हणून घरच्या पिंजऱ्यातला उंदीर ते मारू देत नाहीत. पिंजरा छातीशी धरून नाल्यापलीकडे सोडून येतात. "लय उपकार आहेत यांचे," म्हणतात. उंदीर त्यांच्या आधी घरी पोचतो, असं सासूबाईंचं म्हणणं.

माझं सगळं काम यादीवर चालतं. भाऊजी परत निघाले की मुगवड्या, जवसाची चटणी, ज्वारीचे पापड, जे दिलं त्याची यादी मी डब्याच्या झाकणावर चिकटवते. मागच्या खेपेला यादी लिहून झाली आणि पाहिलं तर एरवी पान भरणारी यादी अर्ध्या पानातच संपलेली. प्रत्येक ओळ शेवटाकडे बारीक होत गेलेली. कंपवाताच्या एका पेशंटबद्दल भाऊजीच सांगत होते, "अक्षर मुंगीएवढं होत जाते." त्यानंतर सहा महिने मी दारामागे उभी राहून बोटं आपटून पाहत होते. उजवं बोट मागे पडतं असं वाटायचं, मग नाही वाटायचं. घरात कोणाला सांगितलं नाही.

परवा भाऊजी आले. सगळ्यांची बोटं पाहिली, माझी नाही. मला सुटल्यासारखं वाटलं. आज मी डबा यादीशिवायच त्यांच्यापुढे ठेवला.

"यादी कुठी आहे, वहिनी?"

"चार तर वस्तू आहेत. ध्यानात ठेवा."

भाऊजींनी बॅगेतून एक फाईल काढली. तीत माझ्या याद्या होत्या, इतक्या वर्षांच्या, ओळीने लावलेल्या. शेवटची अर्ध्या पानाची.

"मंग बोलले काहून नाई?" मी विचारलं.

"माझीच चूक असीन असं वाटलं. मंग रोज काढून पाहू लागलो."

मी हात पुढे केला. "घ्या, पाहा. साऱ्या गावाचे पाह्यता."

त्यांनी तो दोन्ही हातांत धरला. तपासला नाही, नुसता धरून बसले. "मले नाई जमत, वहिनी. भेव वाटते. नागपूरले माझा दोस्त आहे, तो पाहीन. दुसरंही काही असू शकते. उद्या जाऊ."

ज्याच्या धाकाने गाव हात लपवतं, तो माणूस माझ्या स्वयंपाकघरात मान खाली घालून बसला होता. पुण्याचं जाणं त्यांनी रद्द केलं. मी वही ओढली. उद्याची तयारी तर करायलाच हवी: चष्मा, दवाखान्याच्या जुन्या चिठ्ठ्या, पाण्याची बाटली, शाल, दशम्या. भाऊजी शेजारी सरकून बसले आणि प्रत्येक शब्दाला हळूच म्हणू लागले, "मोठं काढा, वहिनी. आणखी मोठं."

पाच वस्तूंच्या यादीला दोन पानं लागली.